तागडी बघायला गेलो त्याची गोष्ट

नगर सोडलं आणि चौपदरी रस्ता टाळून मुद्दाम जुन्या हायवेला गाडी घातली. लहानपणी मामाच्या गावी जाताना एस.टी. जिथे थांबायची, ते कोंडाबाईंचं जनरल स्टोअर बायकोला दाखवायचं होतं. कंदिलाच्या काचेपासून नाडीच्या गुंड्यापर्यंत तिथे सगळं मिळायचं.

रस्ता उखडलेला, दोन्हीकडे वेड्या बाभळी. दुकान मात्र जागेवर होतं. आत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, बिस्किटांचे खोके. बाकी मांडण्या रिकाम्या. कोंडाबाई फार थकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं.

"गोळ्यांच्या बरण्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"नव्या रोडच्या हाटेलवाल्यानं नेल्या. वजनाची तागडी नेली, दुकानाची पाटी नेली. म्हनला, लोकं बघाया येतील. हितं कोन येतंय? दिलं समदं." मग हळूच म्हणाल्या, "मी आजून बघितलं न्हाई. न्हेता का मला?"

ठेवणीतलं लुगडं नेसून त्या गाडीत बसल्या.

हॉटेलात 'जुनं दुकान' म्हणून एक कोपरा सजवला होता. त्यांचीच पाटी, वर पिवळे दिवे. आम्ही शेंगुळे (हुलग्याच्या पिठाचे, कढणात शिजवलेले) मागवले. कोंडाबाई जेवल्या नाहीत. उठून कोपऱ्यात गेल्या, तागडीच्या साखळीचा पीळ सोडवू लागल्या.

"ए आजी, हात लावू नको!" वॉचमन ओरडला.

"अहो, ती त्यांचीच आहे," बायको म्हणाली.

"इथं येणारे सगळेच म्हणतात, आमच्याकडं अशीच होती."

तेवढ्यात मालक आला. त्याने त्यांना ओळखलं, खूश झाला, पाटीखाली बसवलं. माणसं मोबाईल काढून जमली.

"आजी, गोळी द्या ना!" एक बाई म्हणाली.

कोंडाबाईंनी सवयीने बरणीत हात घातला. गोळी बोटांनी दाबून पाहिली.

"पलॅस्टिकच्या हायेत," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. त्यांनी गोळी परत टाकली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "चला."

परत दुकानाशी उतरल्यावर त्या म्हणाल्या, "दाराच्या फळ्या तेवढ्या लावून द्या."

"आत्ता? भर दुपारी?"

"व्हय."

मी एकेक फळी खाचेत बसवली. मी माझी आठवण बघायला गेलो होतो. त्यांचं मात्र सकाळपर्यंत चालू दुकान होतं.