खांद्यावरची सायकल

घाईमावशी कुठे टेकून बसली आहे, असे मला आठवत नाही. खालापूरच्या दवाखान्यात ती सुईण होती. बोलतानाही येरझारा घालायची. चहा उभ्यानेच, तोही अर्धा. "बसले की पाय रागावत्यात रं," म्हणायची.

गावोगाव ती पायीच जाई. एका पावसाळ्यात डोंगराखालच्या वाडीवर पोहोचली, तोवर बाळंतीण गेली होती. तिथून ती घरी गेलीच नाही, थेट शेजारी माझ्याकडे आली. मी सायकलवरून पत्रके वाटत असे, म्हणून मला सायकलीतले कळते असा तिचा समज.

"चल कर्जतला. सायकल घ्यायची हाय."

दुकानदाराने मधला दांडा नसलेली बायकांची सायकल पुढे केली. मावशीने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शेजारची पुरुषी सायकल दांड्याखाली खांदा घालून उचलली आणि दुकानातच फेरी मारली.

दुकानदार हसला, "बाई, सायकलीवर आपण बसायचे असते!"

"आन् वाटेत वढा आला की? तवा ती माझ्यावर बसनार हाय."

"पण लुगड्याला दांडा..."

"काष्टा घालते मी. दांडा झगेवालीला आडवा येतो."

रुंद टायरांची, मागे पिशवीला कॅरियर असलेली तीच सायकल तिने घेतली. बोलावणे नसले तरी रोज सकाळी खोपोलीच्या रस्त्याला एक चक्कर, दम टिकावा म्हणून. चावडीवरून कुणी ओरडला, "बाईमाणसाला कसला व्यायाम? थेरं नुसती!"

मावशी न उतरता म्हणाली, "घरात जातं वढलं तर काम, आन् रस्त्यावर पाय मारलं की थेरं व्हय रं, दादा?"

तक्रार वर गेली. सायकल सोडा, नाहीतर नोकरी, असा निरोप आला. मी भडकून पत्रक लिहायला बसलो. तिने माझ्या हातातला टाक काढून घेतला. "लिव मागनं. आधी चाकात हवा भर."

दवाखान्याची पिशवी तिने दवाखान्याच्या टेबलावर ठेवली आणि पळसदरीला भावाकडे गेली. वाड्यांवरची माणसे तिला शोधत तिथे येऊ लागली. पगार गेला, फेऱ्या थांबल्या नाहीत.

गेल्या थंडीत ती तापाने गेली. शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायका सांगत होत्या, तिच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता, बैलाच्या मानेवर जुवाचा पडतो तसा.

चावडीवर अजून कुणी 'थेरं' म्हणतो. म्हणणाऱ्याने आधी सदरा काढून आपला खांदा दाखवावा.