आमूचा उजवा डोळा

अमडापूरच्या धम्मशीलाने लेकीचे फोटो तारखेनिशी जपून ठेवले आहेत. प्रत्येक फोटोत आमूच्या कपाळावर एकाच पाकिटातली, एकाच मापाची टिकली दिसते. ती शोभेसाठी नाही. पापणीवरची गाठ टिकलीच्या मानाने वाढली की घटली, हे कळावे म्हणून आहे.

आमू, म्हणजे आम्रपाली, जन्मली तेव्हा उजव्या पापणीवर जेमतेम गुलाबी ठिपका होता. तिसऱ्या महिन्यात तो पिकल्या बोरासारखा फुगला आणि डोळा निम्मा झाकला गेला. शेजारच्या शालूबाईंनी विचारले, “गिरानात काही चिरलं होतं का वं?” धम्मशीलाने गरोदरपणाचे सगळे महिने कॅलेंडरात तपासले. गावातून दिसलेले एकही ग्रहण त्यांत नव्हते. ते ऐकून घ्यायला शालूबाई थांबल्या नाहीत.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, “ही रक्तवाहिन्यांची गाठ. बहुतेकदा आपोआप विरते, पण इथे वाट पाहता येणार नाही. डोळा झाकलेलाच राहिला, तर तो पाहायला शिकणार नाही.” त्यांनी पातळ औषध दिले. दिवसातून दोनदा, दूध पाजल्यानंतरच.

सासूबाई, बेबीताई, यांनी आयुष्यभर बाळगुटी उपाशीपोटीच दिलेली. एका सकाळी धम्मशीला नळावर असताना त्यांनी हे औषधही मायेने तसेच पाजले. ती परतली तेव्हा आमू घामाने गार पडली होती, हाकेलाही हालत नव्हती. उपाशीपोटी औषधाने रक्तातली साखर उतरली होती; चिखलीच्या दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली, तेव्हा कुठे ती रडली.

नवरा संघपाल चाकणला कंपनीत. त्याचा फोन आला.

“बंद कर ते औषध. पोरगी हातची गेली असती.”

“अन् डोळा गेला तं?”

“एका डोळ्यानं बी जगते मानूस.”

“तुमचे दोन हायेत, म्हनून बोलता.”

पलीकडून फोन ठेवला गेला.

डॉक्टरांना विचारून तिने औषध पुन्हा सुरू केले. आधी दूध, मग औषध. पोरगी नीट प्यायली नाही, तर त्या वेळेचे औषध नाही. बाटली शिलाई मशीनच्या खणात, कुलपाआड गेली. किल्ली फिरताना पाहून बेबीताई म्हणाल्या, “मले चोर समजतं काय वं?” त्या आठवड्यातच बेबीताई बीबी गावी लेकीकडे निघून गेल्या. मग घरात उरला फक्त मशीनचा आवाज.

नवव्या फोटोत गाठ टिकलीपेक्षा लहान दिसते. फोटोवर मात्र तिचा पुरता विश्वास नव्हता. दुपारी तिने, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे, आमूचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि हिरव्या दोऱ्याचे रीळ समोर धरून हळूच डावीकडे नेले. उजवा डोळा रिळामागोमाग गेला.

“आत्याबाई, पाहा—” तिच्या तोंडून निघून गेले. समोरची सासूबाईंची बाज रिकामी होती.

मग तिने रीळ उजवीकडे नेले. डोळा तिकडेही गेला.