सुरेखाचे एक पान

उल्हासनगरातील एका सरकारी कार्यालयाबाहेर मी लोकांचे अर्ज लिहायला बसतो. आत खिडकीशी सुरेखा संगणकावर बसे. कार्यालयाच्या साइटवर काहीही बदलण्यापूर्वी ती मान उंचावून रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे पाही आणि म्हणे, "अख्खी साइट काय माझ्या बापाची नाय. एक पान तेवढं माझं."

ती जवळच्या खरवई गावची, कंत्राटी कर्मचारी. कार्यालयाच्या अंतर्गत साइटवर नावदुरुस्तीचे पान होते. बारीक राखाडी अक्षरांचे, रकान्यांनी गच्च भरलेले. कोणता कागद कमी आहे हे कारकुनाला एकेक करून कळे. माणूस परत जाई, पुन्हा येई आणि दर खेपेला माझ्याकडून नवा अर्ज लिहून घेई. सुरेखाने फक्त त्या पानात संगणकाला सूचना देणारी छोटीशी स्क्रिप्ट घातली. नको ते रकाने दिसेनासे झाले, अक्षरे मोठी झाली आणि कमी असलेले सगळे कागद वरच लाल अक्षरांत एकदम दिसू लागले.

मी सातवीपर्यंतच शिकलो, तरी माझा मजकूर वाचून भलेभले साहेब मान डोलावतात. अशा माझ्यासमोर एक सिंधी गृहस्थ म्हणाले, "साईं, लडकी ने तो कमाल कर दिया! एक चक्कर में काम!" बावीस वर्षांत माझ्याविषयी असे कोणी बोलले नव्हते. त्या दुपारी मी डबा न उघडताच घरी परत नेला.

मी निनावी तक्रार केली: विनापरवानगी कार्यालयीन पानाच्या स्वरूपात फेरफार. इतका घोटीव मजकूर माझ्या हातून पूर्वी उतरला नव्हता.

आठवड्याने सुरेखा नोटीस आणि तक्रारीची प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"काका, 'सबब उपरोक्त बाब अत्यंत गांभीर्याने घ्यावी' असं इथं तुमच्याशिवाय कोण लिहितं?"

मी पेनाचे टोपण शोधू लागलो.

"घाबरू नका, बोंबलत नाय फिरणार. तक्रार एक नंबर झालीय. आता खुलासाही तुम्हीच लिहा. नोकरी हाय माझी त्यात."

तीन मसुदे फाडून चौथा तिला दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला. "बरा हाय. पण काका, जीव तुमचा त्या तक्रारीत होता."

तिचे कंत्राट पुढे वाढले नाही. पान पुन्हा राखाडी झाले, माझ्यापुढची रांग परतली.

हल्ली कोणी अर्जाला आला की मी आधी लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी लाल शाईने, ठसठशीत अक्षरांत लिहून देतो. लोक ती पाहून हसतात. "आत ती पोरगी होती ना काका, ती अस्संच करायची."

असे कोणी म्हणाले की डबा आजही तसाच परत जातो.