खिडकीपाशची जागा

अपघातात सापडलेला डबा दुरुस्त होऊन आमच्या कारखान्यातून परत रुळांवर जायचा असला, की आदल्या दिवशी आम्ही सगळे त्यात बसून चहा घेतो. पत्रा सरळ झालेला असतो, नव्या रंगाचा वास येत असतो, तरीही जी बाजू चेपली होती तिथल्या बाकावर कुणी बसत नाही. तसं कुणी ठरवलेलं नाही. तिथे कोण बसलं होतं, हेही आम्ही कधी विचारत नाही.

काल मात्र सीटा शिवणाऱ्या कुसुमताई थेट त्याच बाकावर टेकल्या.

"ताई, तिथे कशाला?" मी म्हणालो.

"पाय गळून गेलेत, भाऊ. आणि उद्यापासून लोक बसणारच आहेत की इथे."

दिवसभर पत्रा ठोकून माझेही खांदे भरून आले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. उद्या चढणाऱ्यांना यातलं काही कळणार नाही. कळू नये म्हणूनच तर एवढं राबायचं.

चहा संपत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढा मोठा बाक, पण आम्ही दोघं एका कडेला अंग चोरून बसलो होतो, खिडकीपाशी एका माणसाची जागा सोडून.