खांबाभोवतीचं कथक

मारुंजीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये नीलिमाचा कथकचा क्लास भरायचा. क्लबहाउससाठी विचारून पाहिलं होतं, पण तिथे सेक्रेटरींचं टेबल टेनिस चालायचं आणि त्यापुढे कलेची काय बिशाद! पार्किंगच्या बरोबर मध्यावर एक जाडजूड खांब होता. कुणाचं डोकं आपटू नये म्हणून नीलिमानं त्याला जुनी गादी गुंडाळली होती. त्याच्याच पायथ्याशी पाट टाकून, हातानं ताल देत ती शिकवायची आणि पोरी तिच्याभोवती नाचायच्या.

आपल्या हाताखालच्या पोरी परदेशातल्या स्पर्धेत नाचल्या पाहिजेत, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नवरा सुरेंद्र भोसरीच्या एका कंपनीत. तो म्हणायचा, "अगं, आधी त्यांना हिंजवडीच्या सिग्नलपलीकडे तरी ने." ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पोरींना आणखी घासून घ्यायची. हौसेला मोल नसतं म्हणतात. हिच्या हौसेला रविवारही नव्हता. नणंदेच्या मुलाची मुंज, स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस, सगळं क्लासपायी बुडालं होतं आणि तिला त्याची फारशी खंतही नव्हती.

कोलंबोच्या स्पर्धेसाठी चिंचवडला निवड फेरी झाली. गट निवडला गेला, पण काठावर. परीक्षक बाई जाताना म्हणाल्या, "नाचतात छान. पण रंगमंचाचा मधला भाग सोडून का देतात? तिकडे असं केलंत तर टिकाव लागायचा नाही."

घरी येऊन नीलिमानं मोबाइलवर टिपलेला नाच पुन्हा पुन्हा पाहिला. ऋता, सुखदा, वर्षाराणी, झाडून सगळ्या पोरी मध्यावर आल्या की अंग चोरून वळत होत्या. उघड्या रंगमंचावर त्या पार्किंगमधल्या खांबाला वळसा घालत होत्या. त्यांना बोल लावायची सोय नव्हती. नाच हिनंच बसवला होता, तोही खांब जमेस धरून.

वर्षाराणी मूळची चाकणजवळच्या खेड्यातली. तिचे आजोबा दादासाहेब यांची निम्मी जमीन कारखान्यांत गेली होती, पण घरापुढचं मळणीचं खळं त्यांनी राखलं होतं. त्यांना हे कळलं तसे ते म्हणाले, "आमच्याकडं या की. खळं रिकामंच हाय." मग दर रविवारी चाकणच्या ट्रकांच्या रांगेत अडकत, चडफडत आईबाप आपापल्या पोरी तिकडे पोचवू लागले. खळं चांगलं ऐसपैस, सारवलेलं. मध्ये ना खांब ना काही. तरी पोरी वळायच्याच. नीलिमा ओरडायची, पोरी रडकुंडीला यायच्या.

दादासाहेब ओट्यावर तंबाखू मळत हा तमाशा बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"बाई, राग येनार न्हाई ना?"

"नाही, बोला ना."

"मळनीला खळ्याच्या मधोमध तिवडा रोवायचो आमी. लाकडाचा खांब. त्याला बांधलेली बैलं गोल फिरायची. हितं तिवडा तुमीच हायसा. मधनं उठा, मंजी पोरी सरळ जातील."

नीलिमाला राग आलाच, पण म्हाताऱ्याचं खरं होतं. खांब मारुंजीला राहिला होता. ती मात्र पाट घेऊन सवयीनं इथेही मध्यावरच येऊन बसली होती.

ती कडेला सरकली, तर पोरींच्या माना कडेला वळल्या. मग तिनं मोबाइलवर ताल लावून दिला आणि पाट उचलला.

"ताई, तुम्ही दिसला नाहीत तर आम्ही चुकू," ऋता म्हणाली.

"चुका," म्हणून नीलिमा घरात गेली.

आत वर्षाराणीच्या आजी सारजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नीलिमा त्यांच्याशेजारी बसून शेंगा फोडू लागली. बाहेर घुंगरू चुकले की तिचा हात थांबायचा. उठायला लागली की सारजाबाई म्हणायच्या, "बसा वो. पडल्या तर उठत्याल." आयुष्यात इतकं अवघड काम तिनं कधी केलं नव्हतं. पुढचे सगळे रविवार तिनं असेच शेंगा फोडण्यात काढले. हळूहळू बाहेरचे घुंगरू जमून यायला लागले.

कोलंबोत शिक्षकांना रंगमंचाजवळ फिरकू देत नव्हते. नीलिमाला अगदी मागे जागा मिळाली. पोरी आल्या. वर्षाराणी चक्कर घेत मध्यावरून थेट आरपार गेली आणि तिच्यामागून सगळ्या गेल्या. एकीनंही मान वळवून कुणाला शोधलं नाही. त्यांचा तिसरा नंबर आला.

बक्षीस देताना निवेदकानं विचारलं, "तुमच्या गुरू कुठे आहेत? त्यांनाही बोलवा."

पोरी अंधारात बघू लागल्या. आधी पहिल्या रांगेत, मग विंगेत. ताई कुठे बसल्यात हे एकीलाही ठाऊक नव्हतं. पोरींना आपली गरज उरू नये, याचसाठी तर नीलिमानं जिवाचं रान केलं होतं. आणि आता ते डोळ्यांसमोर घडलं तेव्हा तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. शेजारच्या बाईनं खुणेनं सुचवलं, हात वर करा.

नीलिमानं हात वर केला नाही. ऋतानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पुढे होऊन बक्षीस घेतलं.