मागची सीट बघून घेतलेली गाडी

आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे डबलसीट म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि ते ओ देत. नोकरीला लागल्यापासून ते फोरमनच्या मोटरसायकलवर मागे बसून कामावर येत आणि मागे बसूनच घरी जात. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. लायसन्स मात्र होतं. तरुणपणी मेव्हण्याच्या हलक्या गाडीवर शिकून काढलेलं. मुदत संपायच्या आत ते त्याचं नूतनीकरण करून घेत. "ओळखपत्र म्हणून बरं पडतं," असं म्हणत.

फोरमन धिप्पाड, बोलायला कमी. डबलसीट अंगाने किरकोळ आणि बोलायला भरपूर. घरी त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, बहीण परगावी. त्यामुळे दिवसभराचं सगळं बोलणं ते फोरमनच्या उजव्या कानाशी उरकत. फोरमन निवृत्त झाल्यावर डबलसीट कामावर बसने येऊ लागले, पण फोरमनच्या गाडीवरची दोघांची रविवारची फेरी सुटली नाही. सकाळी गावाबाहेरच्या धरणापर्यंत जायचं, भिंतीवर बसायचं, परत यायचं.

मग फोरमनची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि मुलाने ती विकूनही टाकली. फेरी थांबली. लागोपाठ काही रविवार डबलसीट फोरमनच्या घरी जाऊन बसले, पण घरात सून, नातवंडं, टीव्ही. फोरमन खुर्चीत गप्प. डबलसीटसारख्या माणसाला तिथे विषय सुचेना.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. मी अकाउंट्समध्ये, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. कागदपत्रांचं काही असलं की लोक माझ्याकडे येतात.

"गाडी घेतोय," ते म्हणाले. "जुनीच, पण मधल्या वजनाची. रोज कामावर आणता आली पाहिजे आणि रविवारी फोरमनला मागे घेऊन चढ चढला पाहिजे. हलक्या गाडीचा त्याच्या वजनाने जीव जाईल."

"चालवणार कोण?"

"म्हणजे काय, मी!"

बहिणीला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "अरे, या वयात माणसं गुडघे बदलतात आणि तू गाडी बदलतोयस?" त्यावर हे म्हणाले, "बदलत कुठे गं ताई, पहिलीच घेतोय."

गाडी बघायला मी बरोबर गेलो. विकणारा जमिनीची मोजणी करणारा होता, ताडमाड उंच. गाडी पुसून उभी केली होती. मी नोंदणीचे कागद पाहिले, विमा पाहिला, आधी किती हात बदललेत ते पाहिलं, चॅसीवरचा नंबर कागदाशी ताडला. सगळं चोख होतं. डबलसीट तोवर मागची सीट दाबून बघत होते.

"एक चक्कर मारून बघा," मोजणीवाला म्हणाला आणि किल्ली पुढे केली.

"तुम्हीच चालवा. मी मागे बसतो."

मोजणीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मला तर त्यांना मागे बसलेलंच बघायची सवय. दोघं लांबवर जाऊन आले. डबलसीटचा चेहरा खुलला होता.

"झकास! खड्ड्यातसुद्धा पाठीला दणका नाही. पाय ठेवायला ऐसपैस, धरायला दांडी भक्कम. फोरमन खूश होईल."

व्यवहार झाला. गाडी घरापर्यंत आणूनही मोजणीवाल्यानेच दिली. मी कागद बघितले, त्यांनी मागची सीट बघितली. मध्ये गाडी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी ते पुढे बसले तेव्हा त्यांच्या बुटांची टोकं तेवढी जमिनीला लागली. तरी ते कामावर आले. कसे, ते मी फाटकाशी पाहिलं. फुटपाथला चिकटून यायचं, थांबायची वेळ आली की डावा पाय फुटपाथवर टेकायचा. जिथे फुटपाथ नाही तिथे थांबायचंच नाही.

"डबलसीट, आता शिडी पण घ्या!" फिटर ओरडला.

"तू ये ना धरायला," ते म्हणाले. हसले, पण उतरल्यावर रुमालाने मान पुसत बराच वेळ उभे राहिले.

रविवारी ते फोरमनच्या दारात गेले. पुढची हकिकत त्यांनीच मला सांगितली.

फोरमन खाली आला. गाडीवरून हात फिरवला, टाकी चाचपली. "बस," डबलसीट म्हणाले.

"तू मला बस म्हणतोस?" फोरमन हसला आणि बसला. गाडी मागून खाली दबली. गल्लीच्या तोंडापर्यंत ठीक गेली. तिथे आडवी मोटार आली, ब्रेक लागला, आणि डबलसीटचा पाय रस्ता शोधत राहिला. थकलेली म्हैस बसावी तशी गाडी सावकाश डाव्या अंगावर आडवी झाली. लागलं असं फार नाही, फोरमनचं कोपर तेवढं खरचटलं. पण सून धावत आली.

"काका, अहो त्यांना दिसत नाही. तुम्हाला तरी दिसतं ना!"

डबलसीटनी ती गाडी विकली नाही. सीटवाल्याकडे नेऊन पुढच्या सीटचा स्पंज कापून घेतला. मागच्या सीटला हात लावू दिला नाही. आता त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत. महिनाभर ते एकटेच धरणापर्यंत जाऊन आले, चढावर गिअर कधी उतरवायचा ते शिकले. हात बसला, मगच फोरमनकडे गेले.

फोरमन पायरीवर बसला होता.

"आता पडणार नाही," डबलसीट म्हणाले. "हे बघ, पाय टेकतात."

"पडण्याची भीती नाही रे. पण त्या दिवशी मागे बसलो तेव्हा कळलं. पुढचं दिसत नाही आणि हातात हँडलही नाही. जीव असा मुठीत. तू कसा बसलास इतकी वर्षं?"

"मला नाही वाटली कधी भीती."

"का?"

"तू होतास ना पुढे."

फोरमन उठता उठता म्हणाला, "चल वर. चहा टाकायला सांगतो." सुनेने चहा दिला. डबलसीट तो पिऊन निघाले. फेरीचं पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

रविवारी ते धरणावर जातात का, मी विचारलं. "जातो कधी कधी," म्हणाले. "भिंतीवर नाही बसत. गाडी वळवून येतो."

मागच्या आठवड्यात मला बँकेत जायचं होतं आणि ऑफिसची गाडी दुरुस्तीला गेली होती. "बसा, सोडतो," ते म्हणाले. मी मागे बसलो. सीट खरोखरच उत्तम आहे. ते चालवतातही छान. चौकात थांबलो तेव्हा दोन्ही पाय भक्कम टेकले होते. त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि मान किंचित मागे झुकवली.

"बोला ना काहीतरी," ते म्हणाले.

मी विचार केला. "या तिमाहीचे हिशेब लवकर बंद करावे लागतील," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले, आणि थोडं थांबले. मला दुसरं काही आठवेना. सिग्नल सुटला. त्यांनी काच खाली ओढली आणि बँकेपर्यंत आम्ही तसेच गेलो.