तिसरं पातं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या देवचंदला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — पण सुरुवात केलीय, तर अर्धवट सोडणार नाही.

आमगावच्या बाजूला मी तीस वर्षं लाइनमन होतो. चांगला होतो — उगाच नम्रपणा कशाला? अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर खांबावरचा स्विच असतो. खाली दांडा, वर तीन पाती, एकेका तारेचं एकेक. दांडा ओढला की तिन्ही सुटायला हवीत. पण एखादं गंजून अडकतं. म्हणून मान वर करून तिन्ही मोजायची, मग रॉडने तारा जमिनीला जोडायच्या, आणि मगच माणूस चढवायचा. नव्या लोकांना हे मीच शिकवायचो.

मी स्वतः मात्र मोजत नसे. दांडा बसला की 'खट्' वाजायचं — तेवढं मला पुरे. माझा कान कधी चुकला नव्हता, आणि त्याचा मला माज होता. हो, माजच.

मोबाइल नुकते हातात आले होते, तेव्हाची गोष्ट. धानाच्या बांधीतल्या एका खांबावर फुटलेली चिमणी, म्हणजे तार टेकते तो चिनी मातीचा इन्सुलेटर, बदलायची होती. देवचंद, माझा दहा वर्षांपासूनचा जोडीदार, त्या खांबापाशी थांबला. स्विच तिथून लांब, झाडांच्या आड. मी दांडा ओढला, 'खट्' ऐकलं आणि चालत आलो. रॉड मोटारसायकलला बांधलेलाच राहिला.

पट्टा आवळता आवळता त्याने विचारलं, "तिन्ही पाती पायलास का गा?"

"पायलो. चढ आता, काऊन थांबून राहिलास?"

पाहिली नव्हती. ऊन डोळ्यांवर होतं का? नाही. घाई होती का? तीही नाही. तिसरं पातं अडकलेलं होतं. देवचंदचा हात तारेला लागला आणि तो पट्ट्याला लोंबकळला. मी धावत जाऊन दांडा पुन्हा हाणला, तेव्हा कुठे ते सुटलं. गोंदियाच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

इथवरची चूक होती. पुढचं — पुढचं मी ठरवून केलं. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, मी स्विचपाशीच होतो, हा न विचारताच चढला. तसं लिहून दिलं, सही केली. नोकरी जाईल याची भीती होती. तिसऱ्या दिवशी देवचंद शुद्धीवर आला. त्या सकाळचं त्याला काहीच आठवेना. त्याच्या उशाशी बसून तेच मी त्यालाही सांगितलं, आणि त्याने ते खरं मानलं. लोक त्याला उतावळा म्हणू लागले. मी ऐकून घेतलं.

काही वर्षांनी ऑफिसात सुरक्षेचा कार्यक्रम झाला. नव्या लाइनमनांपुढे बोलायला देवचंदला उभं केलं. रिकामी बाही पिनेने वर टोचलेली. तो म्हणाला, "माहीच चूक होती. लाइन बंद झाली का नाही, मी इचारलोच नाही. तुमी इचारत जा."

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. टाळ्यांना सुरुवात मीच केली.